जुनी स्प्लेंडर चार महिने उभी होती. आता चोक दिल्याशिवाय चालू राहत नाही. कार्बोरेटर घरी साफ करता येईल का?

येईल. चोक काढताच बंद पडते म्हणजे बहुधा पायलट जेट (गाडी हळू चालू असताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) चोंदलंय. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो, तो या केसाएवढ्या भोकात बसतो.

आधी पेट्रोल कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून त्याच्या वाटीतलं पेट्रोल बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसले तर टाकीही रिकामी करावी लागेल. हे काम अंगणात करा, देवघरातल्या दिव्यापासून लांब.

कार्बोरेटर काढून वाटी उघडलीत की फ्लोट, सुई, दोन्ही जेट (पायलट आणि मेन) दिसतील. जेट पितळी असतात, मऊ. खाचेत नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच झिजते आणि मग रडायची वेळ येते (मी रडलोय). एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्यापूर्वी हलकेच पूर्ण आत फिरवा, किती आटे गेला ते मोजून लिहून ठेवा. बसवताना पूर्ण आत नेऊन तेवढाच बाहेर.

रबरी रिंगा बाजूला ठेवून क्लीनर स्प्रे मारा, अर्धा तास थांबा, पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या. जेट उजेडाकडे धरा. भोक गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. तार किंवा टाचणी अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की ॲव्हरेज गेलं.

२०२० नंतरची बीएस-६ स्प्लेंडर असेल तर हे सगळं विसरा, तिला कार्बोरेटरच नाही.