जुना आयपॉड घेऊ की दुसरा प्लेयर?

अरे, आधी जीबी बघू नकोस, गाणी कुठून येणारेत ते बघ. तुझ्याकडे फ्लॅक फाइल्स (क्वालिटी न घटवता साठवलेली गाणी) असतील तर आयपॉडचा नाद सोड, तो फ्लॅक वाजवतच नाही, अ‍ॅलॅकमध्ये, म्हणजे अ‍ॅपलच्या तशाच फॉरमॅटमध्ये, कन्व्हर्ट करत बसावं लागतं, वर गाणी टाकायला आयट्यून्स या अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरची कटकट, मेमरी कार्डचा स्लॉट नाही, आणि २०२२ पासून अ‍ॅपलने आयपॉड बंदच केलेत म्हणजे मिळणार तो जुनाच, बॅटरी दमलेली. दिसतो मात्र झकास!
सोनीचा ए३०६ प्लेयर अँड्रॉइडवर चालतो, कार्ड टाकता येतं, स्ट्रीमिंगपण होतं, पण महाग. नुसतं ऑफलाइन ऐकायचं असेल तर साधा बटणवाला प्लेयर बघ, खिशात हात घालून न बघता गाणं बदलता येतं. ख्याल ऐकत असशील तर गॅपलेस आहे का, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजतो का, ते नक्की विचार, नाहीतर विलंबित-द्रुतच्या मधेच खटका बसतो.