ओव्हर दिल्यानंतर

“एवढी प्रार्थना करते, तरी भीती जात नाही. माझा विश्वासच कमी पडतो का हो?”

शरणपूर रोड असो, नाशिकरोड असो की देवळाली कॅम्प, ख्रिस्ती घरातलं माणूस समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हा प्रश्न येतोच. कुणाच्या नवऱ्याची अंबडमधली नोकरी डळमळीत असते, कुणाच्या मुलीचं लग्न लांबलेलं असतं, कुणाच्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेवर ऐन मणी भरताना आभाळ आलेलं असतं. प्रश्न मात्र तोच. आणि विचारताना आवाज खाली येतो, जणू चोरी कबूल करताहेत. मूळची काळजी असतेच, तिच्यावर ‘ख्रिस्ती असून मी काळजी करते’ ही आणखी एक चढवलेली असते. व्याजावर व्याज. माझ्या पाहण्यात माणसं मुद्दलापेक्षा या व्याजानेच जास्त खचतात.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांनी हे विचारलं, तेव्हा ठरवलं की एकदा नीट लिहूनच काढावं. जिची गोष्ट सांगते आहे तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना ‘सिस्टर’ म्हणते. नन नाहीत, नर्स आहेत.

सिस्टर पन्नाशीला टेकलेल्या. माहेर शरणपूरचं, सासर जेल रोडला. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा सिन्नरच्या एमआयडीसीत. सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते. मग बाइकवर मोहदरी घाट उतरून, शिंदे-पळसे मागे टाकून घरी यायला पाऊण तास. हा पाऊण तास सिस्टर स्वयंपाकघरात गुडघ्यांवर असायच्या. बायबलमधलं स्तोत्र 91, ज्यात परात्पराच्या सावलीचा आणि वाटेत राखणाऱ्या देवदूतांचा उल्लेख आहे, ते म्हणायचं. मधेच कुत्रं भुंकलं, लक्ष उडालं, की पुन्हा पहिल्या ओळीपासून. बाइकचा आवाज आला की उठायचं, भाजी गरम करायची. असं दीड वर्ष चाललं होतं.

माझ्याकडे मात्र त्या यासाठी आल्याच नव्हत्या. वॉर्डात एका पेशंटला दुपटीने डोस जाता जाता राहिला. ज्युनिअर मुलीने हात धरला म्हणून निभावलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. “झोप होत नाही, त्यावर काहीतरी सांगा,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

झोप का होत नाही हे बाहेर यायला तीन भेटी लागल्या. दीड वर्षापूर्वी कॅज्युअल्टीत हायवेवरचा एक मुलगा आला. शर्ट कापताना खिशातून कँटीनचं कुपन निघालं, गुलाबी, अर्धं फाडलेलं. सिस्टरांच्या मुलाच्या खिशात रोज धुण्याच्या वेळी सापडतं, तसलंच. तो मुलगा पहाटे गेला. “त्याची आई पण प्रार्थना करत असेलच ना मॅडम?” एवढं बोलून त्या पर्स उघडून काहीतरी शोधत राहिल्या. पर्समध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाला सांगितलं का, विचारलं. सांगितलं होतं. एका वडीलधाऱ्या बाईंनी ‘चिंता करू नका’ हे वचन ऐकवलं, दुसऱ्यांनी उपास करायला सांगितलं. देवाने काय केलं याची साक्ष द्यायला माणसं उभी राहतात ती सगळं सुरळीत झाल्यावर. अजून मधेच अडकलेल्याला तिथे उभं राहायची सोय नाही, ही माझी आपल्या मंडळ्यांबद्दलची जुनी तक्रार आहे. मग हळूच म्हणाल्या, “फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत जाऊन मेणबत्ती पण लावून आले. आमच्यात नवस नसतो. पाळकसाहेबांना कळायला नको.” (सिस्टर प्रोटेस्टंट, यात्रा कॅथलिकांची.) पाळकसाहेबांच्या घरच्याच दोघी तिथे दिसल्याचं मला माहीत होतं. बोलले नाही.

इथे माझी एक चूक कबूल करते. मी ज्या विचाराने काम करते तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा, 1955 साली त्यांनी मांडलेला, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेला. घटनेपेक्षा घटनेविषयीचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो, हे त्याचं सार. एलिस पक्के नास्तिक होते आणि मी दर रविवारी उपासनेला जाते, यावरून माझी बरीच थट्टा होते. असो. तर त्या विचाराच्या भरात मी सिस्टरांना हिशेब घातला. दीड वर्षात मुलगा किती रात्री घरी आला? साडेचारशेच्या वर? मग आजच येणार नाही असं धरून चालायला आधार काय?

त्या शांतपणे म्हणाल्या, “कॅज्युअल्टीतला पण त्या रात्रीपर्यंत रोज घरी आला होता.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नर्सला आकड्यांनी समजावायला निघाले होते मी! घरी येऊन वही उघडली आणि त्यांची वाक्यं जशीच्या तशी लिहून काढली. ‘मी डोळा लावला आणि तेव्हाच काही झालं तर?’ ‘मी जागी आहे तोवर तरी…’ वाचता वाचता लक्षात आलं की या बाईंच्या देवाला झोप लागते. म्हणजे त्या तसं कधी म्हणाल्या नसत्या, पण वागणं तसं होतं. त्या मागणं मागत नव्हत्या, पहारा देत होत्या. आणि पहारेकऱ्याला डुलकीची मुभा नसते.

पुढच्या भेटीत मी देवाचं नावच काढलं नाही.

“सिस्टर, ड्यूटी संपते तेव्हा काय करता?”

“ओव्हर देते.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला एकेका बेडची हकीकत सांगते, सलाईन कितवं, ताप किती, काय द्यायचं राहिलं. त्याला ओव्हर देणं म्हणतात.

“ओव्हर देऊन झाल्यावर वॉर्डात थांबता?”

“थांबून कसं चालेल? नाईटची सिस्टर चिडेल की. म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही का?”

हे बोलल्या आणि त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं. पर्सची चेन उघडझाप करणारा हात थांबला. मी गप्प बसले. या धंद्यात गप्प बसणं सगळ्यात उशिरा शिकता येतं, मला वीस वर्षं लागली.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “पण मॅडम, ओव्हर दिला तरी रात्रीतून पेशंट जातो कधी कधी.”

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि तो टाळून पुढे गेलो असतो तर सगळं पोकळ ठरलं असतं. “जातो. मग दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ओव्हर द्यायचं बंद करता?”

“नाही.”

“का?”

“नाईटची सिस्टर माहितीची असते. तिने काही कमी केलं नसणार, हे ठाऊक असतं.” थोडं थांबून, “आणि मी रात्रभर थांबले तर सकाळी माझ्या हातून कुणीतरी जाईल.”

डोस चुकता चुकता राहिला तो दिवस आम्हा दोघींनाही आठवला.

खरं सांगते, ओव्हरचा प्रश्न मला सुचला याचा आजही थोडा अभिमान वाटतो. पण ‘माहितीची असते’ हे उत्तर त्यांचं होतं आणि ते माझ्या प्रश्नाहून मोठं होतं. वाईट काही होणारच नाही अशी हमी म्हणजे विश्वास, असं आपण धरून चालतो. हमी तर विम्याची पॉलिसीसुद्धा देत नाही, ती नुकसानीनंतर पैसे देते. विश्वास माणसावर असतो, तसाच देवावर, निकालावर नसतो. सिस्टर गेली दीड वर्षं निकालावर विश्वास ठेवायला बघत होत्या, आणि निकाल कुणालाच आधी दिसत नाही.

मग स्तोत्र 127 काढलं. परमेश्वर नगर राखत नसेल तर पहारेकऱ्याचं जागणं व्यर्थ, आणि तो आपल्या प्रियजनांना झोप देतो, असं त्यात आहे. सिस्टरांना ते लहानपणापासून पाठ होतं. “हे मी लग्नात ऐकलेलं,” म्हणाल्या. घर बांधण्याची पहिली ओळ लग्नात वाचतात, झोपेच्या ओळीपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

आता ‘चिंता करू नका’ या वचनाबद्दल, कारण त्याच्या धाकाने किती माणसं दबून राहिलेली असतात! बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात हे लिहिणारा प्रेषित पौल त्या वेळी बंदिवासात होता, आरामखुर्चीत नव्हता. त्याच पत्रात थोडं आधी तो आपल्या सोबत्याची, तीमथ्याची, वाखाणणी करतो, की तुमची खरी काळजी वाहणारा दुसरा कुणी माझ्याजवळ नाही. करिंथकरांना लिहिताना सांगतो, सगळ्या मंडळ्यांची चिंता मला रोज असते. मूळ ग्रीकमध्ये या तिन्ही ठिकाणी शब्द एकाच कुळातला आहे. म्हणजे ज्याला एके ठिकाणी नको म्हटलं, त्याचीच दुसरीकडे वाहवा आहे. आपल्या मराठीने हा गुंता केव्हाच सोडवून ठेवलाय: काळजी करणं वेगळं, काळजी घेणं वेगळं. करण्यात माणूस जागच्या जागी फिरतो. घेण्यात हात हलतात.

सिस्टरांनी काळजी घ्यायला सुरुवात केली तेव्हा एक गोष्ट बाहेर आली. पाऊण वाजेपर्यंत आवाज आला नाही तर त्या फोन करायच्या. मुलगा तो घ्यायला घाटात, वळणाच्या कडेला, अंधारात बाइक थांबवायचा. आई रडते म्हणून. मी विचारलं, “ट्रक कुठून जातात तिथे?” त्यांनी कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून वाटेतला फोन बंद. निघताना त्याने एक मेसेज टाकायचा, बस. बाइकचा हेडलाइट बदलला, जॅकेटला मागे चमकणारी पट्टी शिवून घेतली, महिन्याला ब्रेक तपासायचे ठरले.

आणि रात्रीसाठी एक वही. झोपण्याआधी वॉर्डात देतात तसाच ओव्हर, देवाला. आज काय झालं, मी काय केलं, आता तुझ्याकडे काय सोपवते. चार-पाच ओळी, वर वेळ, खाली सही. एकदाच लिहायचं. पुन्हा पहिल्यापासून नाही. सही झाली की दिवा बंद.

पहिले आठ-दहा दिवस दिवा बंद करून त्या अंधारात टक्क जाग्या होत्या. तसं होणारच. दीड वर्षाचं जागरण एका रूपकाने जात नाही. मी एवढंच सांगितलं की जागं राहायला हरकत नाही, पहाऱ्यावर मात्र बसायचं नाही. भीती वाटली तर वाटू दे. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला होता आणि त्याच रात्री ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणाला; भीती संपल्यावर म्हणाला असं शुभवर्तमानात कुठेही नाही. 150 स्तोत्रांतली कितीतरी रडगाणीच आहेत, आणि 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तेही पवित्र शास्त्रातच ठेवलेलं आहे, कुणी काढून टाकलं नाही.

एक गोष्ट मात्र मी कधीच सैल सोडत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, छातीत धडधड, जेवण तुटलेलं, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलता येतं. गोळी घेतली तर विश्वास कमी, असं म्हणणारे लोक स्वतः बीपीची गोळी बिनदिक्कत घेतात. बायबलमधला संदेष्टा एलिया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, दोनदा झोपू दिलं. बोलणं नंतर. सिस्टरांनाही मी आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं, तीन महिने थोडं औषध चाललं. ते लपवून ठेवलं असतं तर ही गोष्ट अर्धी खोटी झाली असती.

चौथ्या महिन्यात त्या आल्या त्या तणतणतच. बसायच्या आधी वही माझ्यापुढे टाकली. “बघा याचे उद्योग.”

आदल्या रात्री कंपनीतून निघायला उशीर झाला होता. सिस्टर ओव्हर लिहून, ताट झाकून, झोपून गेल्या होत्या. बाइकचा आवाजही ऐकला नाही. सकाळी उठल्या तर ताट धुतलेलं आणि वही टेबलावर उघडी. त्यांच्या सहीखाली मुलाच्या गिचमिड अक्षरात: ‘पेशंट आला. स्टेबल. दोन भाकरी, मेथी खाल्ली. सिस्टर गाढ झोपेत.’

मी हसायला लागले. त्यांचा चेहरा मात्र ड्यूटीवरचाच.

“वेळ कुठे लिहिलीय? सही कुठे आहे? अशी एंट्री करतं का कोणी?”