पहिल्यांदाच हॉपी (हॉप्स नावाच्या फुलांचा वास आणि कडूपणा जास्त असलेली) सीझनल बियर पिणार आहे, चव नेमकी कशी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात राहता, मित्राने अमेरिकेहून सिएरा नेवाडा या कंपनीची सेलिब्रेशन नावाची बियर आणलीये, 6.8 टक्के अल्कोहोलची, आणि आजवर फक्त परमिट रूमची चिल्ड स्ट्राँगच प्यायलात. मग भाऊ, आधी एक करा, ही एकदम थंडगार करून घशाखाली ओतू नका. हिची सगळी मजा वासात आहे आणि बियर फार गार असली की वास उठतच नाही. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, धुळ्याची डिसेंबरची थंडी असेल तर अजून जरा जास्त, आणि बाटली तोंडाला लावू नका, काचेचा ग्लास घ्या, पाऊणच भरा, वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो.

मी ही भुसावळला चुलतभावाकडे प्यायलोय. रंग तांबूस, ग्लासाच्या आतून फेसाची जाळी चिकटून राहते. नाक जवळ नेलं की मोसंबीची साल नखाने सोलल्यावर उडतो तो वास, मागून चिडाच्या लाकडाचा. घोट घेतला की आधी माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, कॅरॅमलसारखी गोडी आणि मग कडूपणा येतो तो जिभेच्या मागे बसूनच राहतो. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल, होऊ द्या, दोन-तीन घोटांनी जीभ सरावते. आपली स्ट्राँग 8 टक्क्यांपर्यंत असते म्हणून आकड्यात ही हलकी वाटेल, पण चवीला कितीतरी भरगच्च आहे.

हॉप्स म्हणजे वेलीची फुलं, तिकडे अमेरिकेत तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते. त्या हंगामाचे पहिले कॅस्केड, सेंटेनियल आणि चिनूक या जातींचे हॉप्स वाळवून लगेच वापरतात, म्हणून ही थंडीतच येते, 1981 पासून. हॉप्स जास्त वेळ उकळले की कडूपणा उतरतो पण वासाची तेलं उडून जातात, म्हणून वासासाठीचे शेवटी टाकतात. त्यातलं मायर्सीन नावाचं तेल आपल्या आंब्यातही असतं. लेबल ख्रिसमसचं आहे म्हणून लोक लवंग-दालचिनी शोधत बसतात, मसाला यात काहीच नाही.

आणि कृपा करून उन्हाळ्यापर्यंत जपून ठेवू नका! हा वास महिन्यागणिक उतरतो, त्यात आपल्या खान्देशातलं मे महिन्याचं ऊन, नुसता कडूपणा उरेल. मिळाली की फ्रिजमध्ये, उजेडापासून लांब, आणि लवकर संपवा.

सोबत शेवभाजी किंवा ठेचा अजिबात नको, कडूपणा आणि अल्कोहोल मिळून मिरचीची आग अजून भडकवतात आणि मग बियरची चवच लागत नाही. खारे शेंगदाणे चांगले, किंवा मिरची अगदी कमी घातलेलं भरीत, वांग्याचा तो भाजका धुरकट वास या कडूपणाशी मस्त जमतो, मला तर भरीतच जास्त आवडलं. दोघांत एक बाटली पुरते.