तीन गाड्यांच्या अपघातात चूक कोणाची, हे कसं ठरतं?

पुढच्या कारने अचानक ब्रेक मारला, तुम्ही मोटरसायकल थांबवली, मागून व्हॅनने ठोकलं आणि तुम्ही कारवर आदळलात, असं तुम्ही लिहिलंय. आता दोघेही तुमच्याकडे बोट दाखवतायत, आणि हेल्मेट नव्हतं म्हणून तुम्हीही चूक कबूल करायच्या बेतात आहात. कृपा करून इतक्यात काही कबूल करू नका.

अपघाताच्या दाव्यांचं काम करते, म्हणून ठामपणे सांगते: इथे टकरा दोन आहेत, आणि आधी कोणती झाली हे कळल्याशिवाय चूक ठरत नाही. व्हॅन आधी धडकली असेल तर तुम्ही ढकलले गेलात, आणि कारच्या नुकसानीचा भारही मुख्यतः व्हॅनवाल्यावर जातो. तुम्ही आधी कारवर आदळला असाल तर पुरेसं अंतर न ठेवल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

कारवाल्याच्या जबाबात एक गोष्ट आवर्जून यायला हवी: धक्का एकदा बसला की दोनदा? तुमची थांबलेली मोटरसायकल मागून ढकलली गेली असेल तर कारवाल्याला सहसा एकच धक्का जाणवतो. मोटरसायकल पडून घासत जाते तेव्हा रस्त्यावर ओरखडे उठतात. ते जिथून सुरू होतात तिथे ती पडली. मागचा मडगार्ड आणि पुढचा फोर्क, दोन्हींचे फोटो दुरुस्तीआधी काढा. सीसीटीव्हीचं चित्रण आजच मागा, त्यावर नवीन चित्रण चढत जातं. बऱ्याच कारमध्ये एअरबॅगच्या यंत्रणेत टकरीआधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक नोंदला जातो. वकिलामार्फत तीही नोंद मागता येते.

हेल्मेट नसल्यामुळे टक्कर होत नाही. फार तर डोक्याच्या दुखापतीची भरपाई कमी होते. ब्रिटनमध्ये १९७१ च्या एका खटल्यात ती १५ टक्क्यांनी कमी केली होती. पाय मोडला असेल तर त्याचा हेल्मेटशी काय संबंध?

बहुतेक देशांत चूक टक्क्यांत वाटली जाते. अमेरिकेतल्या मेरीलंड, व्हर्जिनियासारख्या काही राज्यांत मात्र जखमीची थोडी चूक निघाली तरी साधारणपणे भरपाई बुडते. म्हणून 'थोडी माझीही चूक' हे वाक्य लेखी कुठेही देऊ नका.

मागे बसलेल्या तुमच्या बहिणीचा दावा वेगळा करा. तिची चूक नाहीच. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय की अनेकांच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली तर जखमी व्यक्ती त्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकते. दोषींपैकी एक तुम्ही ठरू शकता, त्यामुळे तिचा वकीलही वेगळा असू द्या.