वार खायची की पुरायची?

प्रश्न: मावशी, मी जुळे सोलापुरात राहते. आठवा महिना लागलाय. पहिल्या बाळंतपणानंतर दोन-अडीच महिने मी नुसती रडत होते, दूधही कमी होतं. माझी जाऊ अमेरिकेत असते. तिनं स्वतःची वार, म्हणजे बाळामागून पडणारी प्लॅसेंटा, वाळवून तिच्या कॅप्सूल करून घेतल्या आणि तिला काहीच त्रास झाला नाही म्हणे. सगळी जनावरं वार खातात, तूही दवाखान्यातून मागून घे आणि वाळवून मिक्सरला लाव, असं ती म्हणते. सासूबाईंना विचारायची सोय नाही. काय करू?

उत्तर: अगं, मिक्सर शेंगाचटणीलाच राहू दे.

आमच्याकडे मंद्रूपला म्हैस व्याली की वडील रात्रभर कंदील घेऊन गोठ्यात बसायचे. म्हशीनं तोंड लावायच्या आत वार उचलायची आणि लांब खड्ड्यात पुरायची. खाल्ली तर दूध आटतं, असं ते म्हणायचे. ते खरं की खोटं, ते बाजूला ठेव. पण जनावर खातं म्हणून आपणही खावं, असं आपल्याकडे जनावरं पाळणाऱ्यांनाही कधी वाटलं नाही.

दुधाचं म्हणशील, तर वार पोटात असते तोवर तिच्यातलं प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन दूध अडवून धरतं. ती पडली की ते झपाट्यानं उतरतं आणि मग दूध भरतं. जी गोष्ट बाहेर पडल्यावर दूध येतं, तीच वाळवून पुन्हा पोटात घालायची, हे गणित मला तरी जमत नाही.

रक्तवाढीचं म्हणतात, तेही तपासून झालंय. अमेरिकेत नेवाडाच्या संशोधकांनी काही बाळंतिणींना वारेच्या आणि काहींना तुलनेसाठी गोमांसाच्या कॅप्सूल दिल्या. लोहात म्हणावा असा फरक पडला नाही. तुला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची असते. बहुतेकजणी बाळ झालं की ती डब्यातच विसरतात. तू विसरू नकोस. जोडीला हळीव आहेच.

आता धोका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये एका तान्ह्या बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला. उपचार झाले, बाळ घरी आलं आणि पाच दिवसांत पुन्हा आजारी पडलं. आई रोज वारेच्या कॅप्सूल घेत होती. त्या तपासल्या तर त्यांत तोच ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ जंतू सापडला. दुसऱ्या वेळचा संसर्ग घरातल्या दुसऱ्या कुणाकडून आला असण्याचीही शक्यता होती. तरीही तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेनं २०१७ मध्ये अशा कॅप्सूल टाळा, असं स्पष्ट सांगितलं. वाळवलं म्हणजे जंतू मेले असं नसतं गं. आपल्याकडे दवाखान्यातली वार जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते, ती उगाच नाही.

जावेला बरं वाटलं, ते खोटं म्हणणार नाही. तिला कदाचित तसंही बरंच वाटलं असतं.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: ‘दोन-अडीच महिने मी नुसती रडत होते.’ बाळंतिणीला पहिले आठ-दहा दिवस भरून येतं, ते ओसरतं. महिनोन्महिने रडू येणं हा आजार असतो, त्याला उपचार असतात आणि एकदा झाला की पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून पुढच्या तपासणीला गेलीस की वजन-बीपी झाल्यावर उठू नकोस. ‘मागच्या वेळी असं झालं होतं’ एवढं डॉक्टरांना सांग. दूध पाजतानाही चालतील अशी औषधं आहेत, ती तेच ठरवतील. नवऱ्यालाही सांग, रात्रीचं एखादं दूध-लंगोट त्यानं बघायचं. बाळंतिणीला सलग चार तास झोप मिळणं फार मोठं असतं.

आणि त्याच्या फोनमध्ये १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आत्ताच घालून ठेव. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात. बाळाचं किंवा स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात आलं, तर नंबर शोधत बसू नका, त्याच पावली दवाखान्यात जा.