समुद्रातला निरोप : डायव्हरांच्या घरच्यांचे प्रश्न

डायव्हिंगचं वेड असलेल्या माणसाच्या अस्थींचं काय करावं, अशी विचारणा करणारी पत्रं अधूनमधून येतात. त्यातली काही इथे एकत्र घेतली आहेत. नावं गाळली आहेत.

बाबा साठीनंतर डायव्हिंग शिकले. ‘माझी राख समुद्रातच सोडा’ असं सांगून गेले. आम्ही फ्लोरिडात राहतो. इथे समुद्रतळावर स्मारक करता येतं म्हणतात, ते नेमकं काय असतं? (टॅम्पा)

तुम्ही अगदी योग्य ठिकाणी आहात. मायामीजवळ ‘की बिस्केन’ नावाच्या बेटासमोर, किनाऱ्यापासून सुमारे सव्वातीन मैलांवर ‘नेपच्यून मेमोरियल रीफ’ आहे. 2007 साली ते सुरू झालं. बुडालेल्या नगरीसारखी त्याची रचना आहे, कमानी, खांब, सिंहांचे पुतळे असं सगळं. राख सिमेंटात कालवून साच्यात ओततात आणि तो तुकडा नावाच्या पाटीसह तळावर बसवतात. खोली साधारण 40 फूट, म्हणजे ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केलेला कुणीही तिथे जाऊन भेटून येऊ शकतो.

दुसरा पर्याय फ्लोरिडातल्याच सारासोटा शहरातल्या ‘एटर्नल रीफ्स’ या संस्थेचा. त्यांचं पहिलं स्मारक 1998 मध्ये पाण्यात उतरलं. हे राख मिसळलेल्या काँक्रीटचे पोकळ, भोकाभोकांचे घुमट असतात. ताज्या सिमेंटचा क्षार पाण्यात उतरत राहतो आणि प्रवाळाच्या अळ्यांना तो मानवत नाही, म्हणून मिश्रण मुद्दाम सौम्य केलेलं असतं. पृष्ठभाग खरबरीत ठेवतात, कारण गुळगुळीत भिंतीवर काही धरत नाही. भोकांतून पाणी खेळतं, लहान माशांना आसरा मिळतो. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र जमिनीवरची वाटते. काँक्रीट ओलं असताना घरच्यांना त्यावर हाताचे ठसे उमटवता येतात. नातवाचा इवलासा पंजा आणि आजीचा थरथरता तळवा शेजारी शेजारी. पुढे घुमट जिथे सोडला तिथले अक्षांश-रेखांश कुटुंबाला मिळतात.

घरात पुन्हा पुन्हा खाली जाणारं कुणी असेल तर नेपच्यून पाहा. आई, लहान मुलं, पोहता न येणारी मंडळी जास्त असतील तर मी घुमटच सुचवेन.

दोन्ही नको असेल, तर बोटीतून नुसतं विसर्जनही करता येतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा नियम आहे की किनाऱ्यापासून किमान 3 सागरी मैल आत जायचं आणि नंतर 30 दिवसांच्या आत त्यांना कळवायचं. पाळीव प्राण्याची राख त्यात मिसळायला परवानगी नाही.

भाऊ तारकर्लीला डायव्हिंग शिकवायचा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ त्याच्या नावाचा काँक्रीटचा ठोकळा पाण्यात ठेवायचा आमचा विचार आहे. (ठाणे)

कळकळीची विनंती, हे करू नका. किल्ला आणि पद्मगड हा 1987 साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे. आपल्याकडे कृत्रिम भित्ती, म्हणजे माशांच्या आसऱ्यासाठीच्या काँक्रीटच्या रचना, बसवतात त्या मासळी वाढावी म्हणून, सरकारी योजनेतून, जागा तपासून. आपल्या मनाने टाकलेला ठोकळा पहिल्याच पावसाळ्यात लाटांनी लोळतो आणि शेजारचं जिवंत प्रवाळ चिरडतो. तुमच्या भावाने आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘प्रवाळाला हात लावू नका’ हेच सांगितलं असणार.

विसर्जन मात्र मनासारखं करता येईल. अभयारण्याबाहेरची, वाळूचा तळ असलेली जागा तिथल्या होडीवाल्याला विचारून ठरवा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा घाई नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी नितळ असतं. अस्थी साध्या सुती पिशवीत घ्या. भावाच्या बरोबरचे दोघे-तिघे डायव्हर सात-आठ मीटर खाली जाऊन, प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहून, तळाजवळ पिशवीचं तोंड सोडतील. आपल्याकडे सावडलेल्या अस्थींत हाडांचे तुकडे असतात. ते सरळ खाली जाऊन वाळूत बसतात आणि राखेचा पांढुरका ढग प्रवाहाबरोबर निघून जातो. प्रवाहाची बाजू चुकली तर तोच ढग मास्कसमोर येतो आणि काही दिसेनासं होतं. वर होडीतल्यांनी दोऱ्यात ओवलेले हार टाकू नयेत, सुट्या पाकळ्या सोडाव्यात. पिशवी परत वर आणायची.

पाटी हवीच असेल तर जमिनीवर लावा. इजिप्तमध्ये दहाबच्या ‘ब्लू होल’ या खोल समुद्री विवरापाशी दगावलेल्या डायव्हरांच्या पाट्या काठच्या कातळावर आहेत, पाण्यात नाहीत. भाऊ जिथे नवख्यांना मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून थुंकी लावायला शिकवायचा, त्या भिंतीवर पाटी लावा. तिथे ती रोज वाचली जाईल.

यांची इच्छा समुद्राची होती. सासूबाई म्हणतात, रामकुंडच. घरात बोलणं बंद झालंय. (नाशिक)

अस्थी वाटून घेता येतात. बहुतेक भाग रामकुंडात जाऊ द्या, सासूबाईंच्या हातून. मूठभर समुद्रासाठी ठेवा. त्या आईने मुलगा गमावला आहे, तिच्याशी वाद घालून काही साधणार नाही. समुद्र परंपरेबाहेरचा आहे असं मात्र कुणी म्हणू नये. हरिहरेश्वरला लोक पिढ्यान्‌पिढ्या अस्थी घेऊन जातात, आणि गोदावरीही शेवटी समुद्रालाच मिळते. त्या मुठीच्या वेळी सासूबाईंनाही बोलवा. येतील, न येतील, पण बोलावणं गेलं पाहिजे.

मित्राला बुडालेल्या जहाजांचं भारी आकर्षण. त्याचा कलश एखाद्या जहाजाच्या आत ठेवता येईल का? (पुणे)

असं रीतसर घडल्याचं मोठं उदाहरण पर्ल हार्बरचं. जपानच्या हल्ल्यात तिथे बुडालेल्या ‘यूएसएस ॲरिझोना’ या अमेरिकी युद्धनौकेवर 7 डिसेंबर 1941 रोजी असलेले आणि त्या हल्ल्यातून वाचलेले नौसैनिक पुढे वारले, तेव्हा इच्छेनुसार त्यांचे कलश डायव्हरांनी तोफांच्या चौथ्या बुरुजातून आत ठेवले. 1982 पासून 2019 पर्यंत असे 44 जण आपल्या सोबत्यांत परतले. तो हक्क फक्त त्या जहाजाच्या माणसांचा होता. इतर कित्येक जहाजं ही मृतांची विश्रांतीची जागा किंवा संरक्षित अवशेष असतात.

शिवाय जहाजाच्या आत शिरणं हे वेगळं प्रशिक्षण लागणारं, धोक्याचं काम आहे. शोकात असलेल्यांनी ते करू नये. तिथला कायदा परवानगी देत असेल तर जहाजाशेजारच्या वाळूवर मिठापासून बनवलेला कलश ठेवा. तो काही तासांत विरघळतो, मागे काही उरत नाही.

दहन न करता देह समुद्रात देता येतो का? (लंडन)

इंग्लंडमध्ये येतो, पण मरीन मॅनेजमेंट ऑर्गनायझेशनचा परवाना लागतो आणि ठरलेल्या जागाच वापराव्या लागतात. उदाहरणार्थ, आइल ऑफ वाइटजवळ नीडल्स किंवा टाइनमाउथसमोर. देहावर रासायनिक लेप चालत नाही. अमेरिकेत पाणी निदान 600 फूट खोल हवं. खर्च आणि धावपळ मोठी आहे. राखेसाठी इंग्लंडमध्ये असा परवाना लागत नाही, म्हणून मी तोच मार्ग सांगेन.

आईच्या अस्थी मी स्वतः खाली घेऊन जाणार आहे. मी कधी डाइव्ह केलेलं नाही. त्याच दिवशी पहिली डाइव्ह केली तर? (डोंबिवली)

नको. रडू आलं की श्वास तुटक होतो, आणि पाण्याखाली सगळं श्वासावर चालतं. आधी कोर्स करा, चार-सहा डाइव्ह मोकळ्या मनाने करा, मग अस्थी न्या. वर्ष लागलं तरी चालेल. थांबणं जमणार नसेल तर आईच्या डायव्हिंगच्या सोबत्याकडे पिशवी द्या आणि तुम्ही होडीच्या काठावरून मास्क आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून पाण्यात पाहा. पाणी नितळ असेल तर वरूनही सगळं दिसतं. आणि डाइव्ह केलीत तर परतीचं विमान दुसऱ्या दिवसाचं काढा. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर विमानाआधी किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात.