शब्द एक, डाव अनेक

प्रश्न: पत्ते खेळताना आपण "आता शेवटचा डाव" म्हणतो, क्रिकेटमध्येही डाव असतो, आणि कुणी कट केला तरी "त्याने डाव रचला" म्हणतात. हा सगळा एकच डाव का? आणि वाढायचा डाव?

उत्तर: वाढायचा डाव बाजूला ठेवा, तो वेगळाच शब्द आहे, उच्चार तेवढा सारखा. बाकीचे मात्र एकाच घरातले.

पत्त्यांत पिसून वाटल्यापासून हातातली पानं संपेपर्यंत एक डाव. मेंढीकोटात चौघांना 13-13 पानं, चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात, म्हणजे एका डावात 13 हात होतात. नवीन माणूस हात आणि डाव यांत हमखास गोंधळ घालतो आणि मग हिशोबावरून भांडणं :) खो-खो आणि कसोटी क्रिकेटमध्ये डाव म्हणजे आपली पाळी, म्हणून तर "एक डाव राखून जिंकले" असं छापून येतं. लहान मुलांत "डाव कुणावर?" म्हणजे राज्य कुणावर. बोलीत तर "एक डाव माफ करा" म्हणजे नुसतं एकदा, खेळाचा संबंधच नाही. कुस्तीत मात्र पाळी-बिळी काही नाही, तिथे ढाक, घिस्सा, धोबीपछाड हे सगळे डाव, म्हणजे समोरच्याला पाडायची युक्ती, आणि कटाचा अर्थ या युक्तीच्याच जवळचा वाटतो, डावपेच हा शब्दही तसलाच.

खरी गंमत पुढच्या क्रियापदात आहे. डाव मांडला तर त्यात काही वाईट नाही, संसाराचाही डाव मांडतात. तोच डाव रचला की लगेच संशय येतो. साधला म्हणजे नेमकी वेळ गाठली, उधळला म्हणजे दुसऱ्या कुणीतरी मोडून काढला, आणि उलटला म्हणजे रचणाऱ्याच्याच अंगावर आला. रडीचा डाव तर सगळ्यांना माहीत आहे, हरायला लागलं की नियम बदलणारे मोठ्या माणसांतही कमी नाहीत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बघा.

एक गोष्ट मात्र खटकते. हल्ली "प्रतिष्ठा डावावर लागली" असं सर्रास लिहितात. ते हिंदीतून आलंय, मराठीत प्रतिष्ठा पणाला लागते. कळतं सगळ्यांना, पण चांगला शब्द हाताशी असताना उसना कशाला घ्यायचा?